शाळा, लग्न, भजन आणि मोतीबिंदू

प्रश्न (जानेवारी २०२२ चं पत्र, बरंच मोठं होतं, कापून देतेय):

मावशी, आम्ही कोथरूडला राहतो. मी, नवरा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई ७३ वर्षांच्या, डायबेटिस, इन्सुलिन चालू. नवरा हिंजवडीच्या कंपनीत आहे पण करोनामुळे दोन वर्षं घरूनच काम, आणि दोन वर्षं त्याचा एकच नियम, 'बाहेर कशाला?' आता १ फेब्रुवारी २०२२ पासून शाळा उघडतायत, संमतीपत्र आलंय, तो सही करत नाहीये. फेब्रुवारीतच माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे, एसी हॉल, यादी छाटूनही आमचं नाव राहिलंय, म्हणजे जायलाच हवं. सासूबाईंचं भजनी मंडळ परत सुरू झालंय, दर गुरुवारी देवळामागच्या हॉलमध्ये, शेजारच्या बिल्डिंगची तक्रार नको म्हणून खिडक्या लावून. त्यांना जायचंय, नवरा नाही म्हणतो, घरात अबोला. मोतीबिंदूचं ऑपरेशन डॉक्टरांनी २०२० च्या सुरुवातीला सांगितलेलं, ते 'हे सगळं संपल्यावर करू' म्हणून राहिलंय, आता त्यांना इन्सुलिन पेनवरचा आकडा दिसत नाही म्हणून टकटक मोजून डोस घेतात. करोनाच्या लसीचा तिसरा डोसही घेतला नाहीये, त्यांच्या बहिणीने रक्ताच्या गाठींचं काहीतरी फॉरवर्ड केलंय. (दुसरा डोस २० एप्रिल २०२१ ला झाला.) नवरा म्हणतो रिस्क म्हणजे रिस्क. स्वतः मात्र रोज टपरीवर चहाला आणि शनिवारी मित्राच्या फ्लॅटवर पत्ते खेळायला जातो. सगळं बंद ठेवणं पटत नाही, सगळं सुरू करायला भीती वाटते. काय करू?
ता.क. सोसायटीची लिफ्ट वापरावी का?
— कोथरूडची सून

उत्तर:

अगं, तुझ्या मूळ पत्रात लग्नाला दीड पान आहे, शाळेला एक परिच्छेद आहे आणि सासूबाई टकटक मोजून इन्सुलिन घेतात याला अर्धं वाक्य. मी पत्र वाचताना तिथेच थांबले. बाकीचं सगळं आपण बोलू, सावकाश बोलू, पण हे आज रात्रीच्या जेवणाच्या आधी.

पेनचं बटण फिरवलं की एका युनिटला एक टक असा आवाज येतो, बरोबर, आणि बऱ्याच म्हाताऱ्या माणसांनी हा जुगाड शोधून काढलेला असतो. पण शेजारच्या खोलीत टीव्ही चालू आहे, मध्येच तुझी मुलगी काहीतरी विचारायला आली, आणि सोळाच्या जागी वीस गेले तर? रात्री शुगर खाली येणार, घाम, थरथर, अंधारात बाथरूमला उठल्या आणि पडल्या तर खुब्याचं हाड. हा धोका तुमच्या घरात रोज आहे, लाट असो नसो, आणि तुझ्या नवऱ्याच्या हिशोबात तो धरलेलाच नाही कारण तो घराच्या आत आहे. तर ऑपरेशन होईपर्यंत पेनवरचा आकडा तू बघायचास किंवा त्याने, टोचायच्या आधी, रोज. त्यांना राग येईल, येऊ दे.

आता ऑपरेशन. मोतीबिंदूचं काम हल्ली बहुतेक ठिकाणी सकाळी जाऊन दुपारी घरी असं असतं, डोळ्यापुरती भूल, प्रत्यक्ष ऑपरेशन बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आटपतं. आत सगळे मास्क लावलेले, लसवंत, सोबत एकच नातेवाईक. म्हणजे तुझी मावसबहीण ज्या एसी हॉलमध्ये तीन तास जेवायला बोलावतीये त्याच्यापेक्षा ऑपरेशन थिएटर कितीतरी बरं, आणि मिळणार काय, तर दिसायला लागणार! जिना, गॅसची शेगडी, पेनवरचा आकडा, पोथी. मला तरी शाळा, लग्न, भजन आणि ऑपरेशन या चारातलं सगळ्यात सोपं गणित हेच वाटतं. उद्या फोन करून सकाळचा पहिला नंबर माग आणि शुगर किती असली तर करतात ते विचार, कारण शुगर जास्त असली तर परत पाठवतात आणि मग तुझा नवरा म्हणेल बघ मी सांगत होतो.

'हे सगळं संपल्यावर' या तीन शब्दांनी काय काय झालंय याचा एक नमुना देते. देशात २०१९ मध्ये टीबीचे साधारण २४ लाख पेशंट नोंदवले गेले होते, २०२० मध्ये साधारण १८ लाख. टीबी काही लॉकडाऊन बघून पळाला नाही, लोक तपासायला गेलेच नाहीत. काही दवाखाने दुसऱ्याच कामाला लावलेले, काही लोकांना जायला गाडी नाही, आणि काही तुमच्यासारखे, भीतीने घरी. आपण थांबलो की धोकाही थांबतो असं वाटतं ना, तसं होत नाही, तो नुसता दुसऱ्या खात्यात जातो.

माझं आयुष्य विम्याच्या ऑफिसात प्रपोजल फॉर्म तपासण्यात गेलं. तिथे 'रिस्क म्हणजे रिस्क' म्हणणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी रिकाम्या हाताने घरी पाठवलं असतं. धोका आहे का हा प्रश्नच नसतो गं, तो असतोच. किती, कोणाला, किती वेळ आणि त्याच्या बदल्यात काय पदरात पडतंय, एवढं विचारायचं. तुझा नवरा हे रोज करतोच की, फक्त त्याला पत्ता नाही. २०१९ साली, म्हणजे करोनाच्या आधी, या देशात रस्त्यावरच्या अपघातांत दीड लाखावर माणसं गेली, तरी तो कर्वे रोडने ऑफिसला जातच होता, कारण पगार. (हेल्मेट घालत होता का ते मी विचारणार नाही. पुणेकराला हेल्मेटचं विचारलं की मूळ विषय बाजूला राहतो.)

आता 'कोणाला' याचं बघू, कारण तुमच्या घरात चार माणसं आहेत आणि चौघांचा धोका एकसारखा धरूनच सगळं भांडण चाललंय. करोनाच्या पहिल्या वर्षी, लसी नव्हत्या तेव्हा, बऱ्याच देशांचे आकडे एकत्र करून एक अंदाज काढला होता, की लागण झालेल्यांपैकी किती दगावतात. दहा वर्षांच्या मुलाला ०.००२ टक्के, पंचविशीत ०.०१, पंचावन्नला ०.४, पासष्टला १.४ आणि पंचाहत्तरला ४.६ टक्के. परत वाच. तुझ्या मुलीला लाखात दोन आणि सासूबाईंच्या वयाला शंभरात साडेतीन-चार, वर डायबेटिस. एकाच घरात, एकाच डायनिंग टेबलाभोवती, एवढा फरक! हे आकडे लसीच्या आणि ओमायक्रॉन या नव्या विषाणूप्रकाराच्या आधीचे आहेत, आता सगळेच खाली आलेत, पण शिडी तीच आहे, वरच्या पायरीवर आजी आणि खालच्या पायरीवर नात.

म्हणून दुसरं काम तिसरा डोस, ज्याला सरकार प्रिकॉशन डोस म्हणतंय. ६० च्या वर आणि सोबत आजार असलेल्यांना तो १० जानेवारी २०२२ पासून मिळतोय, अट एवढीच की दुसऱ्या डोसला ३९ आठवडे झालेले असावेत. २० एप्रिलपासून मोज, १८ जानेवारीला पुरे झाले. म्हणजे सासूबाई आजही जाऊ शकतात. डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागत नाही, पण त्यांच्या शुगरच्या डॉक्टरांना एक फोन कर आणि त्याच फोनवर डोस आणि ऑपरेशन यात किती दिवस ठेवायचे तेही विचारून घे. डोसचा असर चढायला दोनेक आठवडे लागतात, ते दोन आठवडे लक्षात ठेव, पुढे लागणारेत.

आणि ते गाठींचं फॉरवर्ड. ती भीती हवेतून आलेली नाही, कोव्हिशील्डच्या जातीच्या लसीनंतर क्वचित गाठी होतात हे खरंच आहे, युरोपात त्यावरून केवढं रण माजलं. आपल्याकडच्या केंद्राच्या समितीने मे २०२१ मध्ये आकडा दिला होता, दहा लाख डोसमागे ०.६१. दहा लाखांत एकसुद्धा पूर्ण नाही. तेही मुख्यतः पहिल्या डोसनंतर, आणि सासूबाईंचे दोन पचलेत. एकीकडे दहा लाखांत एकाहून कमी आणि दुसरीकडे त्यांच्या वयाची वरची टक्केवारी. त्यांच्या बहिणीला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाठव, फॉरवर्डला फॉरवर्ड.

शाळा. माझं मत सरळ सांगते, सही करा. ती दुसरीच्या शेवटाला घरी बसली ती आज चौथीत आहे, मध्ये डिसेंबरात जेमतेम काही दिवस जाऊन आली. तू लिहिलंयस की ती हल्ली कॅमेरा बंद ठेवून कार्टून बघते आणि खाली खेळायला जा म्हटलं तर नको म्हणते. नऊ वर्षांच्या पोरीने खेळायला नको म्हणणं हे मला त्या लाखात दोनपेक्षा जास्त काळजीचं वाटतं, खरंच. लस अजून (जानेवारी २०२२) १५ च्या खालच्यांना नाही हे मान्य, पण तिच्या स्वतःच्या जिवाला असलेला धोका फार लहान आहे. खरा प्रश्न ती शाळेतून आजीसाठी काय घेऊन येईल हा आहे, आणि तो शाळेत सोडवायचा नाहीये, घरात सोडवायचाय.

कसा, तर आजी-नात एका पलंगावर झोपतात ना, ते आजीच्या डोसनंतरचे दोन आठवडे बंद. मुलगी तुमच्या खोलीत. आजीजवळ गोष्ट ऐकायला बसायचं तर गॅलरीत, दार उघडं टाकून. शिंक, घसा, अंग गरम, काहीही असलं की शाळा नाही आणि आजीची खोलीही नाही, आणि घरी टेस्ट करायचं किट वापरा, आपल्या पुण्याच्याच मायलॅबचं आहे की, २५० रुपयांना काढलं होतं. त्यावर दोन रेघा आल्या तर खरं धरायचं, एकच आली तर लगेच नाचायचं नाही, दोन दिवसांनी परत बघायचं, कारण सुरुवातीला ते चुकतं.

आणि शाळेपेक्षा मला तुमच्या स्कूल व्हॅनची धास्ती आहे. वर्गात निदान खिडक्या असतात, बाक सोडून बसवतात. व्हॅनमध्ये पोरं मांडीला मांडी लावून, काचा वर कारण सकाळी थंडी, आणि मास्क हनुवटीवर. नवरा घरूनच काम करतोय ना? मग सकाळी त्याने स्कूटरवर सोडायचं. तुम्ही म्हणता शाळा पंधरा मिनिटांवर आहे. त्याला तेवढीच हवा लागेल. (इथे मात्र हेल्मेट, दोघांनाही.)

लग्नावर तू दीड पान लिहिलंयस आणि त्यात मावसबहिणीचं नाव दोनदाच आलंय, बाकी सगळं मामी काय म्हणेल, आत्या काय म्हणेल. म्हणजे तुला जावंसं वाटत नाहीये, न जाण्याचा त्रास नकोय. हाही फायदाच आहे, मी तो शून्य धरत नाही, आपल्याकडे नाती अशीच टिकतात, पण त्यासाठी चौघांनी एसी हॉलमध्ये पंगतीला बसायची गरज नाही. बंद हॉल, शंभर-दोनशे माणसं, जेवताना सगळ्यांचे मास्क खिशात आणि डीजेमुळे एकमेकांच्या कानात ओरडून बोलणं. विषाणू हवेतून पसरतो असं एकदा म्हटलं की याच्याहून सोयीची जागा त्याला सापडायची नाही. तू एकटी जा. अक्षतांच्या वेळेला पोच, चांगला घट्ट बसणारा एन ९५ लाव, तो कापडी नक्षीवाला साडीला मॅचिंग नको, अहेर दे, फोटोपुरता मास्क काढ, आणि जेवणाच्या वेळी निघ. सासूबाई नाहीत, मुलगी नाही. त्याआधी मावसबहिणीला तुमच्याकडे केळवणाला बोलाव, तिला एकटीला किंवा तिच्या आईबरोबर, गॅलरीत पाट मांडून. साधा वरण-भात-भाजी-पुरणपोळीचा बेत केलास तरी ती हॉलमधल्या तुझ्या अर्ध्या तासापेक्षा हेच लक्षात ठेवेल. आणि हो, लग्नाच्या आठवड्यात पुण्याचा पॉझिटिव्हिटी रेट पेपरात बघ. तोच हॉल जानेवारीच्या मध्याला वेगळा आणि फेब्रुवारीच्या शेवटाला वेगळा, कारण आत बसलेल्या शंभरातल्या किती जणांच्या अंगात तो असणार हे बाहेरच्या लाटेवर ठरतं. आकडा चढत असेल तर अक्षतासुद्धा ऑनलाइन टाक.

आता भजन, कारण खरी मारामारी तिथे आहे.

तुझा नवरा इथे अर्धा बरोबर आहे, आणि हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम सांगतेय कारण बाकी पत्रात मी त्याला बरंच बोलून घेतलंय. बंद खोलीत गाणं हा प्रकार वाईटच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट नावाचा भाग आहे, तिथल्या एका गायनवृंदाची १० मार्च २०२० ला, म्हणजे आपल्या पुण्यात पहिले पेशंट सापडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, अडीच तास प्रॅक्टिस झाली. ६१ जण होते, त्यातल्या एकाला सर्दीसारखं वाटत होतं. पुढच्या काही दिवसांत आणखी ५२ जण आजारी पडले, दोघं गेले. तेव्हा लस नव्हती हे धर, पण गाताना माणूस बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त बारीक थेंब बाहेर टाकतो आणि ते बंद खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात, हे काही बदललेलं नाही. देवळामागचा हॉल, खिडक्या लावलेल्या, दहा-बारा सत्तरीच्या बायका तल्लीन होऊन वरच्या पट्टीत गातायत. नको गं. तिसरा डोस झाला तरी हा हॉल नको.

पण म्हणून भजन नको? इथे नवऱ्याचं उरलेलं अर्धं चुकतं. दोन वर्षांत सासूबाईंच्या आयुष्यातून काय काय गेलं ते तूच लिहिलंयस, सकाळचं देऊळ, मंडई, मंडळ, पर्वतीला जाणाऱ्या मैत्रिणी, त्यातल्या एक तर कायमच्याच. त्या आता दुपारी चारपर्यंत झोपून राहतात आणि जेवण कमी झालंय असंही लिहिलंयस. हे 'म्हातारपण' म्हणून सोडून देऊ नकोस. एकटेपणाने शुगरही बिघडते, झोपही, आणि औषध घेण्याची इच्छाही. भजनातून त्यांना जे मिळतं ते तराजूत टाकलंच पाहिजे, ते वजनदार आहे.

मग जागा बदला. तुमच्या बिल्डिंगला गच्ची आहे. चेअरमनना नवऱ्याने विचारावं, पुरुषाने विचारलं की आपल्याकडे लवकर हो म्हणतात, काय करणार. दुपारी चार ते साडेपाच, फेब्रुवारीत ऊन सोसवेल असं असतं, सतरंज्या लांब लांब, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला म्हणजे समोरासमोर गाणं नाही, ज्यांना जमेल त्यांनी मास्क, पेटी मधोमध, झांजा जरा बेतानं. शेजारच्या बिल्डिंगने तक्रार केली तर त्यांनाही ऐकायला बोलवा. प्रसाद पुडीत बांधून घरी. ज्यांना जिना जमत नाही त्यांच्यासाठी खाली पार्किंगची उघडी बाजू. आणि सासूबाईंनी सुरुवात डोसनंतरचे दोन आठवडे उलटल्यावर करायची. ऑपरेशन त्याच सुमारास आलं तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस थांबून.

हे असं अर्धंमुर्धं भजन देवाला चालेल का, असं त्या म्हणतील, माझ्याकडे अशा बायका आल्यात. त्यांना २०२० ची आषाढी आठवायला सांग. पायी वारी नव्हती, लाखोंचा मेळा नव्हता, पण पादुका घरी राहिल्या नाहीत, मोजकी माणसं घेऊन एसटीने पंढरपूरला पोचल्या. जे चुकवायचं नव्हतं ते चुकवलं नाही आणि गर्दी तेवढी काढून टाकली. त्याच वर्षी मानाचे गणपतीसुद्धा मिरवणूक न काढता मांडवातच विसर्जित झाले. पुण्यात याच्यापेक्षा मोठा दाखला मला तरी देता यायचा नाही.

नवऱ्याचा चहा चालू दे. उघड्यावर, उभ्याउभ्या दहा मिनिटं, त्यात फारसं काही नाही, आणि दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाने तेवढं तरी बाहेर पडावं. पण शनिवारचे पत्ते! थंडी म्हणून खिडक्या बंद, पाच मित्र, तीन तास, मास्क कोणालाच नाही, वेफर्सच्या एका बाउलमध्ये सगळ्यांचे हात, आणि परत आल्यावर 'आई जेवलीस का' म्हणत हा थेट त्यांच्या पलंगावर बसतो असं तूच लिहिलंयस. म्हणजे घरातला सगळ्यात मोठा धोका तो स्वतः आणतोय आणि शाळेच्या फॉर्मवर सही करत नाहीये. हे त्याला भांडताना सांगू नकोस, बिथरेल. त्याला एक्सेल आवडत असणार, हिंजवडीचा आहे. दोघं बसून एक शीट करा, घरातला प्रत्येकजण आठवड्यात कुठे जातो, बंद की उघडं, किती वेळ, किती माणसं, मास्क की नाही, आणि शेवटच्या रकान्यात त्यातून काय मिळतं. त्याच्या शनिवारचा रकाना त्याने स्वतः भरायचा. मी पैज लावते की पत्ते तो आपणहून गॅलरीत हलवेल. बंद नको करायला लावूस, त्यालाही मित्र हवेत.

त्या शीटमधून एक काम मात्र काढून टाकायला सांग, ते दुधाच्या पिशव्या साबणाने धुणं आणि कुरियर एक दिवस दाराबाहेर ठेवणं. दूषित वस्तूला हात लागून लागण होण्याची शक्यता दर वेळी दहा हजारांत एकापेक्षा कमी असल्याचं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलंय. हात धुवावेत, ते बाकी शंभर रोगांसाठीही चांगलं आहे. पण त्याची रोजची जी अर्धा तास काळजी भाजी-पिशव्यांवर खर्च होते ती खिडक्या उघडण्यावर खर्च होऊ दे. माणसाची सावध राहायची ताकद काही अमर्याद नसते, दोन वर्षांत आपण सगळ्यांनीच बघितलंय, भलत्या ठिकाणी दमला की नेमका हव्या त्या ठिकाणी कंटाळा करतो.

आणखी एक, जे तुमच्या तिघांच्या भांडणात कोणीच केलेलं दिसत नाही. सासूबाईंना विचारलं का? म्हणजे परवानगी द्यायची की नाही यावर तू आणि नवरा दीड महिना वाद घालताय, पण ज्या बाईच्या जिवाचा प्रश्न आहे तिला समोर बसवून आकडे सांगून 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलेलं पत्रात कुठे नाही. त्या ७३ च्या आहेत, सात वर्षांच्या नाहीत. त्यांच्यासाठी मी एवढंच धरते की त्यांचा धोका त्यांनी स्वतः उचलायचा असेल तर तो त्यांचा हक्क, पण मंडळातल्या बाकीच्या म्हाताऱ्या बायकांना त्यांच्यामुळे लागणार असेल तर तिथे नुसता हक्क पुरत नाही. म्हणून हॉल नाही आणि गच्ची हो. असं समजावून सांगितलं तर ऐकतात गं, आपणच त्यांना 'बंद' नाहीतर 'चालू' एवढंच सांगतो मग त्याही हट्टाला पेटतात.

आणि एवढं करूनही घरात कोणी पॉझिटिव्ह निघालं तर काय, हे आत्ताच ठरवून ठेवा, तेव्हा डोकं चालत नाही. कोण कुठल्या खोलीत, सासूबाईंच्या डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर, थर्मामीटर आणि ऑक्सिमीटरचे सेल चालू आहेत का बघून ठेवायचे. त्यांना लागण झाली तर पहिल्या दिवशीच डॉक्टरांना कळवायचं, 'बघू दोन दिवस' नाही, कारण शुगर आणि इन्सुलिनचा डोस आजारपणात बदलावा लागतो. ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला, किंवा दम लागतोय, किंवा गोंधळल्यासारख्या बोलायला लागल्या, तर आकड्याशी वाद न घालता दवाखाना.

मुलीचा फॉर्म सोमवारच्या आत द्यायचाय असं लिहिलंयस म्हणून हे उत्तर आधी तुला वेगळंही पाठवतेय.

ता.क.चं: लिफ्ट छोटी, हवा कमी, पण वेळ मिनिटभराचा. मास्क लावून एका वेळी एकाच घरातली माणसं, आत फोनवर बोलायचं नाही. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात, तू आणि नवरा जिना चढा. सासूबाईंना लिफ्टच, डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तर जिना अजिबात नको.